सूरबाई आणि कपाटाची कविता

बाईंचं खरं नाव हजेरीपत्रकापुरतं उरलं होतं. सगळी शाळा त्यांना सूरबाई म्हणायची, आणि गाण्याशी तर त्यांचा काडीचाही संबंध नव्हता! कविता शिकवायला उभ्या राहिल्या की पहिला प्रश्न ठरलेला: "सूर काय आहे? रागावलाय, रुसलाय, की नुसता थकलाय?" मग प्रतिमा. कवितेत खिडकी आली की ती फळ्यावर काढायला लावायच्या. तिला गज आहेत का, ती आत उघडते की बाहेर, सगळं विचारायच्या. आशय अगदी शेवटी. एखाद्याने आगाऊपणा करून "ही कविता स्वातंत्र्यावर आहे" असं आधीच सांगितलं की संपलंच. "अर्थाची एवढी घाई कसली रे? तो काय पळून जातोय?" परीक्षेला ही पद्धत अगदी कुचकामी आहे, हे बाकीचे शिक्षक त्यांना तोंडावर सांगायचे. बाई ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या तासाला पुन्हा खिडकी काढायला लावायच्या.

अशा या बाईंचा जीव त्या दिवशी सकाळपासून टांगणीला लागला होता. एका कवितेपायी अकरावीतली एक मुलगी शाळेतून जायची वेळ आली होती.

या मुलीला वर्गात सगळे मुंगी म्हणत, इतकी ती गप्प. तिने भित्तिपत्रकात लोखंडी कपाटावर चार ओळी लिहिल्या, आणि कोणा टवाळाने खाली मोठ्या सरांचं चित्र काढून ठेवलं, चष्म्यासकट. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. अंगाने आडवे, आवाज करकरीत, आणि त्यांच्या खोलीत खरोखरच एक अवाढव्य लोखंडी कपाट. झालं! शाळाभर हशा पिकला. सरांचं पित्त खवळलं. त्यांनी संस्थेच्या सेक्रेटरींना बोलावलं, मुंगीच्या वडिलांना बोलावलं, आणि दाखला लिहायला घेतला.

बैठकीआधी बाईंनी मुंगीला जिन्याखाली गाठलं.

"बाई, मोठ्या सरांवर नाहीये ती."

"ते मला वाचताक्षणीच कळलं गं. बाबांवर आहे ना?"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्ही सांगणार?"

"सांगितलं की सुटशील."

"नको! मला काढलं तरी चालेल. आई गेल्यापासून ते बोलतच नाहीत कोणाशी. त्यात हे कळलं, तर त्यांना वाटेल मी चारचौघांत त्यांचं गाऱ्हाणं मांडलं. शब्द द्या, बाई."

बाई शब्द देऊन बसल्या. जिना चढताना स्वतःवरच चरफडल्या. आता तोंड उघडायची सोय नाही आणि गप्प राहिलं तर पोरीचं वर्ष पाण्यात!

सरांच्या खोलीत वडील भिंतीला टेकून उभे होते. गॅरेजमध्ये वेल्डिंगचं काम, तिथूनच उठून आलेले. हातांवर ठिणग्यांचे डाग. शिपायाने पुढे केलेल्या खुर्चीवर ते बसले नाहीत. मुंगी जमिनीकडे बघत बाजूला उभी राहिली. बापलेकीत हातभर अंतर होतं.

"ऐका तुमच्या मुलीचे प्रताप," सर म्हणाले, आणि त्यांनी कागद उचलून कविता वाचली. वाचली कसली, खेकसली! "'धक्का लागला की कुरकुरतं'! हा मी? 'हात लावला की गार लागतं'! हाही मीच?"

"ती माफी मागेल," वडील खालच्या आवाजात म्हणाले.

"माफीने भागणार नाही. दाखला घ्या आणि निघा."

बाईंना राहवेना. "सर, तुमचा सूर चुकलाय."

सेक्रेटरी हसले. "बाई, इथे तास नाही चाललाय."

"चालला असता तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या आणि सरांच्या हातातून त्यांनी कागद सरळ ओढूनच घेतला. त्यांनी सावकाश वाचलं, आजाऱ्याच्या उशाशी बसून वाचावं तसं:

"धक्का लागला की कुरकुरतं, हात लावला की गार लागतं.
किल्ली कुठे असते, ठाऊक आहे. मागायची कशी?
मी रोज त्याच्यापुढे उभी राहते.
आरशात माझंच तोंड दिसतं, आतलं काही दिसत नाही."

बाईंनी कागद सरांपुढे धरला.

"यात राग कुठे आहे, दाखवा मला," बाई म्हणाल्या. "आणि सर, तुमच्या कपाटाला आरसा आहे?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. कपाट होतं नुसतं राखाडी, पोपडे उडालेलं. त्यात कोणाचं तोंड दिसणं शक्यच नव्हतं. सर क्षणभर गांगरले. पण सेक्रेटरी मोठे चिवट. "बरं, मग हे कपाट कोणाचं?"

झालं, यालाच तर बाई भीत होत्या. मुंगी डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत होती.

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे!"

"माहीत आहे. सांगणार नाही."

"मग आमचाही नाइलाज आहे," सर म्हणाले आणि सही करायला त्यांनी पेन उघडलं.

"बाई," भिंतीकडून आवाज आला. "जरा परत वाचता का? शेवटचं."

नाही कसं म्हणणार? त्यांनी शेवटच्या दोन ओळी वाचल्या, शक्य तितक्या हळू. वडिलांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. तेच रुंद कपाळ, तीच हनुवटी. दोघांना पाहणाऱ्या कोणीही सांगितलं असतं की ही यांची मुलगी. त्यांनी तिला इतका वेळ शेवटचं कधी पाहिलं होतं कोण जाणे.

"सर, ते कपाट आमच्या घरातलं आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मी."

सरांचं पेन हातातच राहिलं. सेक्रेटरींनी विचारलं, "मग बाई, कवितेचा आशय नक्की काय धरायचा?"

"अहो, गप्प बसा हो जरा!" बाई कडाडल्या. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्या वरिष्ठांवर पहिल्यांदाच ओरडल्या होत्या, आणि डोळे भरून आल्यामुळे त्यांना समोरचं धड दिसतही नव्हतं.

वडील लेकीला म्हणाले, "मागायचीस की गं किल्ली."

"मागितली होती, बाबा," मुंगी म्हणाली. "तुम्ही टीव्ही मोठा केलात."

इतका वेळ नाकारलेली खुर्ची वडिलांनी चाचपडत ओढली आणि ते मटकन खाली बसले. मुंगी मधलं हातभर अंतर ओलांडून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. मोठ्या सरांनी दाखल्याचा कागद उचलला, खण उघडला आणि आवाज होऊ न देता आत ठेवून दिला.