मयतबाईचा खडक

"अहो आई, तुम्ही इथे धडधडीत जिवंत बसलेल्या, आणि सरकारी नकाशात मयतबाई छापून येणार? लोक काय म्हणतील?" एर्मिताने बटाट्याची किसणी टेबलावर आपटली.

"लोक पन्नास वर्षं तेच म्हणतायत," चुलीशी नळीने मातेचा कडू चहा ओढत बसलेली तिची सासू दोरालिसा म्हणाली.

"तोंडाने म्हणणं वेगळं, छापणं वेगळं. मी सांगणार त्या साहेबाला, एखाद्या संतिणीचं नाव द्या, सांता रीताचा खडक लिहा."

"सांता रीता कधी गेली होती तिथे?"

"आणि तुम्ही जाऊन काय दिवे लावलेत?"

"दिवे नाही गं. चूल."

आबेल जाळं विणत मान खाली घालून बसला होता. बायको आणि आई यांच्यामध्ये पडायचं नाही, एवढं तो लग्नानंतर लवकरच शिकला होता. उद्या सकाळी नौदलाचा मोजणीसाहेब खाडीतल्या खडकांची नावं लिहून घ्यायला येणार होता. समोरच्या उघड्या, काळ्या खडकावर गवताचं पातंही उगवत नाही, पण नाव त्यालाही लागणारच होतं.

दोरालिसा तिथे गेली तेव्हा तेविसाची होती. तीन पोरं, अंथरुणाला खिळलेला सासरा, आणि सासू क्लोरिंदा, जिच्या तोंडून कधी "बरं झालंय" एवढंसुद्धा आलं नव्हतं. मोठ्या ओहोटीला ती एकटीच वल्हवत शिंपल्या काढायला गेली. भूक लागली, म्हणून तिथेच चार शिंपल्या भाजायला जाळ केला. सुकं लाकूड संपलं, तेव्हा होडीत अंथरलेल्या ओल्या फांद्या घातल्या.

आमच्या चिलोएच्या बेटांवर ओल्या फांद्यांचा पांढरा धूर म्हणजे कुणीतरी गेलं, होड्या घेऊन या. हे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. तिलाही होतं. पण पोट भरलं होतं, खडक उन्हाने ऊबदार झाला होता आणि जन्मात पहिल्यांदा कुणी हाक मारत नव्हतं. ती आडवी झाली.

धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला. मग पाण्यावरून प्रार्थना तरंगत आली, हळू, बायकांच्या आवाजात, आणि तिच्यात तिचंच नाव. सात होड्या निघाल्या होत्या. मेलेलीने धूर केला कसा, हे सातांपैकी एकाही होडीत कुणाला सुचलं नाही. दोरालिसाला वाटलं, आपण खरंच गेलो असू. इतकं मऊ, इतकं पांढरं होतं सगळं.

ती उठून बसली तेव्हा कुणीतरी पाण्यात पडलं. सासूने आधी एक थोबाडीत दिली, मग घट्ट धरलं, मग पुन्हा एक दिली. गावाने त्याच दिवशी खडकाचं बारसं केलं.

"हसतात हो लोक," एर्मिता आता रडकुंडीला आली होती. "माझ्या पोरींना शाळेत मयतबाईच्या नाती म्हणतात. तुम्हाला कसं काही वाटत नाही?"

खिडकीबाहेर धुकं उतरलं होतं. खडक कुशीवर झोपलेल्या बाईसारखा दिसत होता.

"मी जागी होते," दोरालिसा म्हणाली.

"कधी?"

"होड्या लागल्या तेव्हा. सासूबाई माझ्या उशाशी बसून सगळ्यांना सांगत होत्या, पोरीच्या हाताला चव होती, माझंच तोंड कधी उघडलं नाही. मी डोळे मिटूनच पडून राहिले. आणखी काय काय म्हणतायत ते ऐकायला."

आबेलचे हात थांबले. "हे कधी बोलली नाहीस, आई."

"शिंक आली नसती, तर अजून ऐकलं असतं. पुढे एकोणीस वर्षं जगल्या त्या. पुन्हा एक शब्द नाही."

एर्मिताने किसणी उचलली, पण किसेना.

"बटाट्याचे मिल्काओ चांगले होतात तुझे," दोरालिसा तिच्याकडे न बघताच म्हणाली. मग तिने मातेचा पेला खाली ठेवला.

"नाव मयतबाईच राहील. उद्या साहेबाच्या होडीतून मी स्वतः जाऊन दाखवणार आहे. आबेल, सकाळी मला धक्क्यावर सोडायचं. शेतातले बटाटे तुम्ही दोघांनी काढा."