पाठमोऱ्या बापाला सांगितलेलं

त्या वर्षी मी लागोपाठ बरेच सिनेमे पाहिले आणि प्रत्येक सिनेमातून एखादा प्रश्न घरी घेऊन आलो. चांगला माणूस खोटं बोलला तर चांगला राहतो का? मुलाने बापापेक्षा जास्त शिकावं, पण किती जास्त? तालुक्याच्या गावी शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर मी. सिनेमासुद्धा धड्याखालचे प्रश्न सोडवल्यासारखा पाहायचो. पण एका सिनेमाने विचारलेला प्रश्न थेट आमच्या घरातलाच निघाला.

आम्ही तेव्हा सुरतेत, डिंडोलीला राहायचो. आप्पा, माझे वडील, कापडाच्या कारखान्यात लूम म्हणजे यंत्रमाग चालवायचे. त्या लूमवरच माझं कॉलेज झालं आणि तिच्याच आवाजात त्यांचे कान गेले. कारखान्यात कोणी ओरडत नाही, ओरडून उपयोगही नसतो. समोर यायचं, ओठ नीट हलवायचे, हाताने खुणा करायच्या. हळूहळू घरीही तीच रीत झाली. आप्पांच्या पाठीमागे बोललेलं आमच्याकडे बोललेलं धरतच नसत.

बहिणीला नर्सिंगसाठी धुळ्याला जायचं होतं, होस्टेलवर राहून. हे फक्त मला माहीत होतं. "दादा, तूच सांग. तुझं ऐकतात ते," ती म्हणायची. मी ठरवलं, कारखान्याच्या सुट्टीला सगळ्यांना सिनेमाला न्यावं आणि परतताना, आप्पा खुशीत असताना विषय काढावा. पोस्टरवर हसरं कुटुंब होतं. तेवढं पाहून मी दुपारच्या खेळाची तिकिटं काढली.

मध्यंतरापर्यंत ठीक होतं. मग त्यातली मुलगी शिकायला होस्टेलवर गेली आणि मला घाम फुटला. पुढे जे व्हायचं ते झालंच. तिचं एका मुलावर प्रेम बसलं, ती सुट्टीत घरी आली आणि एका पहाटे बॅग घेऊन दाराशी उभी राहिली. बाप पाठमोरा, पूजेत. "बाबा, मला माफ करा," ती पुटपुटली आणि निघून गेली. आसपास लोक डोळे पुसत होते. बहिणीने मला चिमटा काढला. "मुहूर्त छान काढलास दादा."

बाहेर पडून आम्ही पर्वत पाटिया नाक्याच्या बाजूला रिक्षा शोधत चालू लागलो. ट्रकांची रांग चालली होती. माझ्या डोक्यात एकच चक्र: सिनेमा खरा ठरला तर? उद्या हिचं काही झालं, तर शिकलेला मुलगा म्हणून आप्पा मलाच विचारतील. आणि मी आज गप्प बसलो, तर ती मला काय म्हणेल?

आप्पा एकदम थांबले. "तिनी बापले सांगं का नही?"

माय त्यांच्या समोर गेली. "सांगितलं की! माफ करा म्हणाली ना."

"पाठमांगे!" आप्पा चिडलेच. "त्याले काय समजाव?"

मी तोंड उघडणार, तोच बहीण मला ओलांडून पुढे गेली आणि आप्पांच्या समोर उभी राहिली. ती माझ्याकडे पाठ करून होती. ट्रकांच्या आवाजात मला शब्दही ऐकू आला नाही, फक्त तिचे हात हलताना दिसत होते आणि आप्पांचा चेहरा. तो आधी कोरा होता, मग आवळला. मी घाबरून मायकडे पाहिलं. माय पदराचं टोक चावत होती.

बराच वेळ ते तिच्या ओठांकडे पाहत राहिले. मग विचारलं, "तठलं पानी कसं शे?"

तिथलं पाणी कसं आहे, एवढंच. हो म्हणाले नाहीत. पण चालायला लागले आणि पुढचं विचारू लागले: खोलीत किती पोरी, दाराला आतून कडी आहे का. उत्तरं त्यांना दिसावीत म्हणून बहीण त्यांच्याकडे तोंड करून उलटी चालत होती, त्या गर्दीच्या रस्त्यावर. मी तिच्या मागे जाऊन खड्डे आणि रिक्षा बघत राहिलो.