एक बहार गुणवंताचा

बोरगावच्या तुळशीरामला खोटं बोलता येत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. गावाला काय माहीत! बगीच्यातली एकतीस झाडं कोळशी रोगानं वाळली, ही थाप तो दहा वर्षं बिनदिक्कत मारत आला होता.

उरलेली सव्वाशे संत्र्याची झाडं आणि एक विहीर, हाच त्याचा आणि बायकोचा, यमुनाबाईचा, म्हातारपणाचा आधार. पेन्शन नोकरदारांना, यांना संत्री. पंच्याऐंशीच्या दिवाळीला एकुलता पोरगा गुणवंता पांढुर्ण्याहून आला तो पिठाच्या चक्कीचं खूळ घेऊनच.

"बाबा, बगीचा विकून टाका. मी चक्की लावतो. तुमी दोघंबी माह्याकडं चला. मी पोसतो ना तुमाले!"

पोराच्या मनात पाप नव्हतं. तीच तर पंचाईत होती. लबाड पोराला नाही म्हणणं सोपं असतं.

दोन दिवस तुळशीराम बगीच्यातच फिरत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "झाडावर आंबिया बहार हाये. त्याचा सारा पैसा तुहा. वापस मांगत नाही. पन झाडं इकनार नाही."

गुणवंताला तेवढे पैसे कमी पडणार होते. "मंग येत्या पावसाळ्यात मृग बहारबी घ्या. एका वर्सानं काय होते?"

झाडाकडून वर्षाला एकच बहार घ्यायचा, हिवाळ्यात फुलणारा आंबिया नाहीतर पावसाळ्यात फुलणारा मृग, ही बगीचेवाल्यांची रीत. दोन्ही घेतले की झाड खचतं. तुळशीरामनं पोराचा हात धरला आणि त्याला विहिरीपलीकडच्या वाळक्या खुंटांपाशी नेलं.

"हे कायनं वाळले?"

"कोळशीनं."

"नाही. तुह्या नागपूरच्या कॉलेजानं. फी भराची होती. दोन वर्सं दोनी बहार घेतले या झाडायचे. तुह्या मायलेबी सांगतलं नाही."

गुणवंता एकेक खुंट मोजू लागला.

"मले पस्तावा नाही," तुळशीरामचा आवाज मऊ झाला. "पन तवा मी पन्नाशीचा होतो. आता हे झाडं गेले तं काय करू? तुह्या दारात बसू? तू भाकर देशीन, मले माहीत हाये. पन ते मले गोड लागनार नाही, बाप्पा."

यमुनाबाईला हे कळलं तेव्हा ती नवऱ्यावर उखडलीच. "दहा वर्सं मी त्या कोळशीले शिव्या देऊन राहिली!" मग पदर डोळ्याला लावला आणि पोराला जास्तीची भाकर वाढली.

आंबियाच्या पैशात जुनी मोटर आली. चक्की लहान, आवाज मोठा. गुणवंता पहाटेपासून पिठानं पांढरा व्हायचा. बापाला मनातून वाटे, आपण पोराला उणं दिलं. पण झाडांकडे पाहून तो ते गिळायचा.

दुसऱ्या वर्षीच्या आषाढात बगीच्याशी एक बैलगाडी थांबली. गुणवंता उतरला. गाडीत संत्र्याची कलमं होती. तुळशीरामनं मोजली नाहीत. किती असणार ते त्याला खुंटांकडे पाहूनच कळलं. चार दिवस बापलेकांनी मिळून खुंट उपटले, खड्डे खोदले, कलमं लावली.

"येड्या," चौथ्या संध्याकाळी हात धुताना तुळशीराम म्हणाला, "याले फळ धराले पाच-सहा वर्सं लागतात. कोनासाठी लावून राहिला?"

गुणवंता शेवटच्या कलमाची माती पायानं दाबत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"तुमच्यासाठी. तेवढे दिवस तं तुमाले थांबाच लागते, बाबा."