तांदळावर लिहिलेलं नाव

कल्याणच्या कॉलेजात मी बरीच वर्षं एम.ए.च्या वर्गाला आफ्रिकन आणि अमेरिकन साहित्याचा पेपर शिकवला. मुलं या पेपरला घाबरत नसत. परीक्षेत आयडेंटिटीवर एक प्रश्न हमखास यायचा आणि त्याचं उत्तर मी वर्गात तयारच करून द्यायचे. गुलामाचं आधी नाव जातं, मग भाषा, मग देव; पुढे त्याची नातवंडं-पतवंडं हे सगळं शोधत बसतात. आफ्रिकेतल्या मिशनच्या शाळेत मुलाला नवं नाव मिळतं आणि घरी आजी त्याला जुन्याच नावाने बोलावते, तेव्हा त्याने ओ कोणाला द्यायची? मॅडम छान शिकवतात, असं मुलं म्हणायची. मलाही तसं वाटायचं.

एका वर्षी वर्गात शीळफाट्याजवळच्या गावातली एक मुलगी होती. तिच्या घरची पूर्वी भातशेती होती, आता त्या शेतांवर टॉवर उभे होते. वर्गात ती फार जपून बोलायची. घरची बोली चुकून तोंडातून निघू नये म्हणून वाक्य आधी मनात जुळवून घ्यायची, मग हात वर करायची. एकदा मात्र न जुळवता बोलली. म्हणाली, "मॅडम, आमच्या प्रत्येक खाचराला नाव होतं. आता तिथल्या बिल्डिंगला स्पेनमधल्या कुठल्यातरी गावाचं नाव आहे. वॉचमन मलाच विचारतो, कोणाकडे जायचंय."

त्याच दिवशी मी एका गुलामाची गोष्ट शिकवत होते. नवा मालक त्याला नवं नाव देतो. तो त्या नावाला ओ देत नाही. मार खातो, उपाशी राहतो, आणि शेवटी एका सकाळी हाक येते तेव्हा नकळत वळून बघतो. मी सांगत होते की मार खाताना तो हरत नाही, वळून बघतो तेव्हा हरतो.

तिने हात वर केला. "मॅडम, आपल्याकडे लग्नात करतात ते काय वेगळं असतं?"

वर्ग हसला. मागून एक मुलगा म्हणाला, "अगं, तिथे चाबूक होता."

"इथे लागतच नाही, एवढाच फरक," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमचं आधीचं नाव काय होतं?"

मी सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला परका वाटला, एखाद्या पुस्तकातलं नाव पहिल्यांदा मोठ्याने वाचावं तसा. मग मी सावरून म्हटलं, की गुलामांनी जे सोसलं ते आणि आपल्या लग्नातला एक विधी एका तागडीत घालता येणार नाही. ते तिला पटलं. तरी ती म्हणाली, "पण मॅडम, मला काय हाक मारायची हे ठरवणारं माणूस दुसरंच ना?"

तास संपला. माझ्या मनातून मात्र ते जाईना. माझं लग्न झालं तेव्हा घरात मोठ्या जाऊबाईंचं नाव आणि माझं नाव एकच निघालं. एका घरात एकाच नावाच्या दोन सुना कशा चालतील? म्हणून माझं बदललं. कोणी जबरदस्ती केली नाही. नवं नाव जरा मॉडर्न होतं, मला ते आवडलंही होतं. आपण काही देऊन टाकतोय असं तेव्हा मनातही आलं नाही. आता हळहळ वाटते ती त्याचीच.

वर्ष संपता संपता त्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा ठाण्याचा, कोपरीतला, गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवणारा. नाव बदलणार नाही, असं तिने मुलाकडच्यांना सरळ सांगून टाकलं. एका दुपारी तिचे वडील कॉलेजात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खुर्चीच्या टोकावर बसलेले.

"मॅडम, पोरीला जरा समजवा. ती तुमचं ऐकतं. तुमीच शिकवलेलं हाय ना ते?"

"ती बरोबर बोलते आहे," मी म्हटलं.

"बरोबर हाय, मना पन कलतं. पन चार मानसांत..."

"मी तिला उलटं काही सांगणार नाही."

मला वाटलं, ते चिडतील. पण उठताना म्हणाले, "बरं. मंग लग्नाला तरी या."

मी गेले. लग्न लागल्यावर तिने हट्टाने मला वऱ्हाडाबरोबर कोपरीला नेलं. मुलाच्या घरी लक्ष्मीपूजनाची मांडणी झाली होती. ताटात तांदूळ पसरलेले. सासूबाईंनी नवं नाव आधीच ठरवलं होतं आणि ते गुरुजींना सांगून ठेवलं होतं. मुलाने बोटातली अंगठी काढली, खाली वाकला आणि तांदळावर अक्षरं रेखली. गुरुजी वाचायला पुढे झुकले आणि थबकले. ताटात तिचंच नाव होतं.

"अरे, हे काय लिहिलंस?" सासूबाई म्हणाल्या.

"जिला मागणी घातली तिचं नाव लिहिलं," तो म्हणाला. "दुसरी कुठून आणू?"

मग कोणीतरी हसलं, त्यामागे सगळेच हसले आणि पेढे वाटले गेले. सासूबाईंनीही एक घेतला. मुलीने मान वर करून गर्दीत मला शोधलं. एवढ्या वर्षांत माझ्या शिकवण्यातून कुठेतरी काहीतरी घडलं, असं मला त्या दिवशी वाटलं.

डोंबिवलीला घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यांना मुलाचं बोलणं फार आवडलं. मग मी म्हटलं, "मला एकदा माझ्या आधीच्या नावाने हाक मारा ना."

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. हसले. तोंड उघडलं आणि अर्ध्या नावावर थांबले. "नको गं," ते म्हणाले. "वहिनीला हाक मारल्यासारखं वाटतं."

थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "तेव्हा तुला एकदा विचारायला हवं होतं. आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही." मी चहा ठेवायला उठले. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

निकाल लागल्यावर ती मुलगी स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आली. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "काय म्हणतं सासर? नावाने हाक मारतात ना?"

ती हसली. "नाव घेतं कोण मॅडम? सासूबाई सूनबाई म्हणतात, दीर वहिनी म्हणतो, शेजारी अमक्याची बायको म्हणतात. ह्यांना सगळ्यांसमोर माझं नाव घ्यायला लाज वाटते, ते 'अगं' म्हणतात. नाव आहे. आधार कार्डावर आहे."

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मी पेढा घेतला. पुढे पीएच.डी. करायचं ती मागे म्हणायची. तो विषय तिने काढला नाही आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर ती आली नाही. तिचा फोन नंबर बदलला असावा. मी दोनदा लावून पाहिला.

माझ्या माहेरच्या नावाने हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, माझा थोरला भाऊ. संगमेश्वरजवळच्या आमच्या गावातून दर रविवारी त्याचा फोन यायचा. 'हॅलो' न म्हणता तो आधी माझं नाव घ्यायचा, शेवटचं अक्षर लांबवून, अंगणातून परसात हाक द्यावी तसं. मग पाणी, आंबा, गुडघे. गेल्या वर्षी तो गेला.

तेराव्याचा निरोप भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. भावाचा फोटो आणि खाली घरच्यांची नावं. बहीण म्हणून माझं सासरचं नाव होतं. गावी गेल्यावर, पानं मांडायच्या आधी पडवीत तो एकटा भेटला तेव्हा मी विचारलं, "माझं इथलं नाव का नाही रे घातलंस?"

"इथलं म्हणजे?"

मी नाव सांगितलं. भाचा चाळिशीचा आहे, दोन मुलांचा बाप.

"ते तुझं खरं नाव होतं, आत्या? मला वाटायचं, बाबा तुला लाडाने तसं म्हणतात."

मी म्हटलं, "हो रे. लाडानेच."