‘इष्ट’ आणि सोयीचं

वर्तमानपत्रात लागल्यावर पहिलं वर्ष मी भाषांतराच्या टेबलावर काढलं. टेलिप्रिंटरवरून इंग्रजी बातमी येई, ती आम्ही मराठीत करायची. सरकारी बातम्यांत ‘एक्स्पीडियंट’ हा शब्द वरचेवर असे. अमुक करणे शासनास एक्स्पीडियंट वाटते. मुख्य उपसंपादक मान वर न करता सांगत, “इष्ट लिही.” कायद्यांच्या मराठी प्रतींतही तसंच छापलेलं असे. त्यामुळे शंकेला जागा नव्हती. मला मात्र ती होती, कारण ज्या निर्णयांना आम्ही इष्ट म्हणत होतो, त्यांतले काही वाचून तसं वाटत नसे.

आई अंधेरीच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवायची. एका शनिवारी मी तिला विचारलं.

“इष्ट म्हणजे चांगलं,” ती म्हणाली. “एक्स्पीडियंटमध्ये चांगलं-वाईट नाहीच. आत्ता ज्याने काम भागतं ते. कुणाचं भागतं, हे शब्द सांगत नाही. ते आपण विचारायचं.”

“एखादं वाक्य दे ना.”

“पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालणं. हे एक्स्पीडियंट.”

“ह्यात वाईट काय?”

“काहीच नाही. म्हणून तर शब्द अवघड आहे. आणखी वाक्य सुचलं की सांगते.”

ते दुसऱ्या दिवशीच मिळालं. तेव्हा नववीचे निकाल तयार होत होते आणि आई नववीच्या एका वर्गाची वर्गशिक्षिका होती. दुपारी मुख्याध्यापक घरी आले. आईने चहा ठेवला. मी आतल्या खोलीत होते, पण दोन खोल्यांच्या घरात आत असण्याला फारसा अर्थ नसतो.

प्रश्न एका मुलीचा होता. ती वेसाव्याची, कोळीवाड्यातली. तिची आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. हंगामात मुलगी सकाळी मासळी निवडायला थांबे आणि तिचे पहिले दोन तास बुडत. ते तास नेमके गणिताचे.

“पास झालीय, मान्य,” मुख्याध्यापक म्हणाले. “पण काठावर. दहावीला गणितात उडणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे, सर.”

“मग तिच्या आईला बोलवा आणि दाखला न्यायला सांगा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसेल. तिचं नुकसान नाही, शाळेचंही नाही.”

ही पद्धत तेव्हा उपनगरातल्या बऱ्याच शाळांत होती. कच्ची मुलं नववीनंतर दाखला देऊन वाटेला लावायची. ती खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसत आणि नापास झाली तर शाळेच्या निकालात दिसत नसत. आईच्या शाळेच्या फाटकावर दर जूनला पेंटर ‘दहावीचा निकाल शंभर टक्के’ असं रंगवून जाई.

“बाहेरून म्हणजे तिला शिकवणार कोण, सर?”

“बाई, तुम्ही भावनेच्या आहारी जाताय. तिची आई तुमचं ऐकते, म्हणून तर आलो.”

“ती ऐकते, म्हणूनच मी सांगणार नाही. पास झालेल्या मुलीला घालवायचं असेल, तर तुम्ही सही करून लेखी कळवा.”

बशीत कप ठेवल्याचा आवाज आला.

“पर्यवेक्षकाची जागा जूनमध्ये भरायचीय, बाई.”

“हो, सर. चहा गार होतोय.”

ते गेले. आईने कप विसळले आणि मला म्हणाली, “वाक्य हवं होतं ना तुला? मिळालं?”

लेखी काही आलं नाही. जूनमध्ये मुलगी दहावीच्या वर्गात बसली. पर्यवेक्षकाच्या जागेवर आईऐवजी दुसरे शिक्षक आले. आईने गणिताच्या शिक्षिकेला विनंती केली, तेव्हा त्या शाळा सुटल्यावर मुलीला थांबवून बुडलेला भाग शिकवू लागल्या.

पुढच्या वर्षी दहावीचा निकाल लागला आणि मुलगी गणितात नापास झाली. त्या वर्षी नापास झालेली ती एकटीच. फाटकावर पेंटर आला नाही.

मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमोर विचारलं, “काय मिळवलंत, बाई?”

“काही नाही, सर. ऑक्टोबरला बसेल.”

त्याच आठवड्यात मुलीची आई केळीच्या पानात बांधलेली पापलेटं घेऊन आमच्या दारात उभी राहिली. तिला कसं समजवावं, हे आई शोधत होती.

“अहो बाई, तोंड का पाडलंय?” तीच म्हणाली. “पोरगी आपटली, पण शालेतली म्हणून आपटली ना? भाईर काढून तर नाय आपटली! आता तिला पहाटं बंदरावर नेनार नाय. मी हाय ना, माझे हात तुटलेत काय?”

“अहो, पण एवढी पापलेटं कशाला?”

“घ्या गुपचूप. पास झाली की सुरमई आनीन.”

सुरमई आली. ऑक्टोबरच्या परीक्षेत मुलगी गणितात पास झाली. ऑक्टोबरचा निकाल कुठलीच शाळा फाटकावर रंगवत नसे. तो अंधेरीच्या मासळीबाजारात जाहीर झाला, तोही ओरडून. आई त्या बाजूने गेली की ओट्यावरच्या बायका तिच्याकडे बोट करत, “ह्याच त्या बाई.” तिला संकोच वाटे. मला वाटत नसे. मी मुद्दाम तिच्यासोबत जाई.

पुढच्या जूनमध्ये वेसाव्याहून चार-पाच बायका मुलींना घेऊन शाळेत आल्या. मुलींना त्या बाईंच्याच वर्गात घाला, म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी लगेच मान्य केलं. इतकंच नाही, इतर तुकड्यांतली सगळी कच्ची मुलंही त्यांनी आईच्याच वर्गात टाकली. त्यांना ते सोयीचं होतं.

आई घरी आली ती ताठ मानेने. चप्पल काढता काढता म्हणाली, “मला हवा होता तोच वर्ग दिला गं त्यांनी.”