कार्ट्रिज लाइनवरची अक्का

कुणी बोलायला आलं की अक्का त्याच्याकडे न बघता डावा हात उभा धरायची. थांब म्हणजे थांब. मायक्रोस्कोपखाली केसापेक्षा बारीक तार बसवताना ती श्वास रोखून धरायची. तार बसली की मोठा सुस्कारा सोडून म्हणायची, "हां, आता बोला. कुणाचं काय जळालं?"

तुम्ही कुठल्याही कारखान्यात चार वर्षं काढली असतील, तर असं एखादं माणूस तुमच्याही लाइनवर असणारच. आमचा कारखाना शिरूरजवळचा. रेकॉर्डवर जी सुई फिरते, ती ज्या बोटाच्या पेराएवढ्या डबीत बसते तिला कार्ट्रिज म्हणतात. परदेशातल्या एका जुन्या कंपनीसाठी आम्ही बायका ती बनवायचो. या जमान्यात रेकॉर्डी ऐकतं कोण, हे आम्हाला कधी कळलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. पगार होतोय ना, मग ऐकेना का कुणी!

एकदा तिकडचा मोठा साहेब लाइनवर आला आणि हात मिळवायला अक्कापुढे उभा राहिला. अक्काचा डावा हात वर. साहेबाला वाटलं, इकडे नमस्कार असाच करत असतील. त्यानंही आपला हात तसाच उभा धरला. मॅनेजरला घाम फुटला. तार बसल्यावर अक्कानं मान वर केली, समोरचा हात बघितला आणि मला म्हणाली, "अगं बया, ह्यो का शपथ घेतोय?" आम्ही पदरात तोंडं खुपसून हसलो.

तिचा नवरा लग्नानंतर लवकरच दुसरी करून मोकळा झाला होता. मग मांडवगण फराट्याला भावाकडे काही वर्षं काढली. तिथे भाकरी मिळायची, पण आधी भावजयीचा टोमणा खावा लागायचा. ही नोकरी लागली तशी शिरूरात एक खोली घेऊन ती राहू लागली. त्या खोलीचं तिला कोण कौतुक! "माझं कुलूप हाय, माझी चावी हाय," म्हणायची. "भावाच्या दारात आता म्या न्हाई जायची. मेले तर मुडदा जाईल."

तिची नजर गेली कधी, ते आमच्या ध्यानातच आलं नाही. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात तिनं कापडाच्या दुकानाबाहेरच्या पुतळीला विचारलं होतं, "बरी हायेस का गं? लेकरं काय म्हंत्यात?" आम्ही महिनाभर त्यावर हसत होतो. कसल्या आंधळ्या आम्ही! मायक्रोस्कोपखालची तार तिला दिसायची, कारण तिथं सगळं मोठं होऊन डोळ्याशी येतं. चार हातांवरचं माणूस मात्र धुक्यात गेलेलं होतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग एका सोमवारी मॅनेजरनं सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. तिकडच्या कंपनीनं ठरवलं होतं, कार्ट्रिज बंद. कच्चा माल मिळत नाही, जुने कारागीर राहिले नाहीत, खप हेडफोनचा आहे. हातातली ऑर्डर संपली की लाइन संपली. बायकांना शेजारच्या प्रेस शॉपमध्ये घेणार होते, पण तिथं पत्रा दाबायच्या मोठ्या मशीन. डोळे तपासून पास झाली तीच आत.

बसमध्ये बसल्यावर अक्कानं माझं मनगट घट्ट धरलं. "मला भिताड दिसंना गं," म्हणाली. "मी फेल व्हनार. मग खोली गेली. मग पुन्हा मांडवगण."

आता आम्ही काय केलं ते ऐका. फर्स्टएडच्या खोलीत डोळे तपासायचा इंग्रजी अक्षरांचा तक्ता वर्षानुवर्षं टांगलेला होता. आम्ही तो कागदावर उतरवून घेतला आणि भोंडल्याच्या चालीवर अक्काकडून पाठ करून घेतला. जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, हात धुताना. ई... एफ, पी... टी, ओ, झेड! इंग्रजीचा गंध नसलेली अक्का तो आरतीसारखा म्हणू लागली. शेवटी तर वरून खाली आणि खालून वर! आम्हाला वाटलं, जिंकलं.

तपासणीला दौंडहून एक तरुण डॉक्टरीण आली. आम्ही खिडकीला चिकटून उभ्या. अक्का खुर्चीवर ताठ बसली होती, नवं लुगडं नेसून.

"मावशी, समोर काय दिसतंय ते वाचा."

अक्कानं एका दमात सगळं म्हणून टाकलं. कुठे अडखळली नाही. बाहेर आमच्यातल्या एकीनं टाळीसुद्धा वाजवली.

डॉक्टरीण हातातलं पेन खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, मी माझा तक्ता लावलाय. त्याच्यावर मराठी अक्षरं आहेत."

अक्का म्हणाली, "मग मराठी वाचते की. त्याला काय व्हतंय." ती खुर्चीतून उठली आणि भिंतीच्या दिशेनं चालत गेली. नाक तक्त्याला टेकेपर्यंत गेली. सगळ्यात वरच्या मोठ्या अक्षरावरून बोट फिरवलं. "ग," म्हणाली. "ह्यो ग हाय. बघा, दिसतंय मला."

डॉक्टरणीचे डोळे भरले होते. पण लिहायचं ते तिनं लिहिलं. दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले होते, चष्म्यानं काही होणार नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "अक्का, मशीनमध्ये हात गेला तर मी कुणाला तोंड दाखवू?" त्याचंही खोटं नव्हतं. मला अजून राग येतो, आणि कुणाचा ते सांगता येत नाही, म्हणून तो जातही नाही.

शेवटचा खोका भरला त्या दिवशी भाऊ टेम्पो घेऊन आला. अक्कानं खोलीची चावी घरमालकाच्या हातात दिली. टेम्पोत बसताना मला म्हणाली, "येत जा गं." मुडद्याबिडद्याचं काही बोलली नाही.

मला जायला दिवाळी उजाडली. मांडवगणात घर शोधलं. पुढच्या खोलीत टीव्ही चालू होता. पोरांनी हातानंच मागची बाजू दाखवली. मी पडवीत पाऊल टाकलं. अक्का गोणपाटावर भिंतीला पाठ लावून बसली होती, अंग निम्म्यानं आटलेलं.

पायांचा आवाज ऐकला तशी ती धडपडून उठली. चाचपून सूप हातात घेतलं आणि माझ्या दिशेला तोंड करून घाईघाईनं म्हणाली, "न्हाई वैनी, बसले न्हवते. आत्ताच टेकले व्हते."