साठेकाकांची चेनपुली

साठेकाका घराला कुलूप लावलं की त्याच्याकडे सरळ बोट रोखायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "योशी!" म्हणजे पाहिलं, ठीक आहे. इथे जपानमध्ये स्टेशनवर गाडी सोडणारे कर्मचारी करतात तसंच. योकोहामाच्या एका जहाजदुरुस्ती कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतरही ही सवय सुटली नाही. शेजारी कोणी असेल तर त्यानेही बघून "योशी" म्हणायलाच हवं. "एकट्याचे डोळे त्याला हवं तेच बघतात गं," ते म्हणत. त्यांना जाऊन आता वर्ष झालं.

मी एदोगावात राहते, नोकरी करते आणि सगळ्याच्या याद्या करते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझी भांड्यांची यादी पाहून त्यांनी माझं नाव यादीबाई ठेवलं होतं. एकदा त्यांचा फोन आला. "यादीबाई, गॅरेजमध्ये चेनपुली बसवायची आहे. शनिवारी तुझे दोन डोळे घेऊन ये."

गॅरेजमध्ये त्यांची जुनी गाडी बंद पडून होती. इंजिन बाहेर काढल्याशिवाय दुरुस्ती होणार नव्हती, आणि ते उचलायला साखळीची ही पुली हवी होती. मी म्हटलं, "काका, पंच्याहत्तरी आली. आता गाडी कशाला?"

ते घराच्या दाराकडे बघत राहिले. आत त्यांची पत्नी, केइकोकाकू, एकाच रुमालाची पुन्हा पुन्हा घडी घालत होत्या. "आठवड्यातले चार दिवस ती मला ओळखत नाही. पण या गाडीचा आवाज तिने चाळीस वर्षं ऐकलाय. आवाज आला की दारात यायची, 'ओकाएरी' म्हणायची. आलात का, म्हणून. तेवढं अजून तिच्यात शिल्लक असेल. आहे तोवर ऐकवायचंय."

मी सुचवलं, छताच्या तुळईलाच पुली अडकवू, दोन तासांत काम होईल. काकांनी लाकडावर बोटाने टकटक केलं. "ही बिचारी घर पेलतेय. तिच्यावर आणखी काम नको टाकायला." मग दोन पायांवर उभी राहणारी लोखंडी चौकट आली. तिच्या आडव्या गर्डरवर चेनपुली चढली. पहिल्यांदा इंजिन टांगलं नाही. त्याहून जड भरतील इतक्या तांदळाच्या गोण्या टांगल्या आणि आमचा चहा होईपर्यंत तशाच ठेवल्या. "हुक, योशी. साखळी, योशी. पाय, योशी." मी प्रत्येक शब्दामागे बोट दाखवत होते आणि यादीवर खूण करत होते.

पुढच्या शनिवारी इंजिन वर आलं. काकांनी ते खोललं, आठवडाभर एकेक भाग बदलला. आता फक्त परत बसवायचं राहिलं.

त्यानंतरच्या शनिवारच्या माझ्या यादीत मुलीच्या शाळेची सभा होती, दाताचा डॉक्टर होता, इमारतीतल्या कचऱ्याच्या जागेची सफाई होती. सातव्या ओळीत मी लिहिलं, 'काका. पुढच्या आठवड्यात चालेल.' फोनवर तेही म्हणाले, "चालेल गं."

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा इंजिन तसंच होतं, चादर पांघरलेलं.

"गेल्या शनिवारी काकू दुपारभर दारात उभी होती," काका हातमोजे घालत म्हणाले. "गाडी कशी आली नाही अजून, विचारत होती. माझं नाव घेऊन."

"मग तुम्ही बसवायचं ना! साखळी तर एका हाताने ओढता येते."

"दुसरं योशी कोण म्हणणार होतं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळपर्यंत इंजिन जागेवर बसलं. दोघांनी बोटं रोखली, "योशी" म्हटलं. काकांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि जुन्याच आवाजात सुरू झाली. काकांनी ती गल्लीतून एक वळसा घालून दारासमोर आणली.

केइकोकाकू दारात आल्या. गाडीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग अनोळखी माणसासाठी राखलेल्या आदबीने त्यांनी विचारलं, "दोनाता?" आपण कोण?

काकांनी हातमोजे काढले, कमरेत वाकले. "साठे," ते म्हणाले.

काकूंनी हसून त्यांना आत बोलावलं आणि कपाटातून पाहुण्यांच्या सपाता काढून समोर ठेवल्या. काका त्या पायात घालून स्वतःच्या घरात गेले.